पगारी पीएचडीची पदरमोड

शेतमालाच्या पुरवठा साखळीवर संशोधन करायचे आहे, फी माफ आहे, दरमहा मानधनही मिळणार आहे. मग घरून किती पैसे काढून ठेवायचे? पहिला पगार किंवा फेलोशिपचा पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंतचा ढोबळ आकडा आधीच सांगतो. नेदरलँड्स किंवा जर्मनीत नोकरीच्या स्वरूपातली पीएचडी असेल तर अडीच ते तीन लाख रुपये. अमेरिकेत चार लाखांच्या आसपास. ब्रिटनमध्ये सात लाखांपर्यंत, आणि तेही पूर्ण शिष्यवृत्ती हातात असताना. भारतातच जेआरएफवर (नेट परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपवर) केली तर अर्ज आणि परीक्षांचे जेमतेम दहा-पंधरा हजार, पण पैसे सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून पाच-सहा महिने राहण्याखाण्याची सोय स्वतःची. हे आकडे एकट्या माणसाचे आहेत. युरो 100, डॉलर 88 आणि पौंड 115 रुपये धरला आहे. रुपया घसरला की त्या प्रमाणात वाढवून घ्यावे.

याखेरीज एक खर्च कुठल्याच जाहिरातीत छापलेला नसतो, आणि या विषयात तोच सगळ्यांत मोठा असतो: गावोगाव, मार्केट यार्डात, जिनिंगमध्ये, कारखान्यावर फिरण्याचा. त्याकडे येऊच. तो कोण देणार, हे मानधनाच्या आकड्याइतकेच बारकाईने विचारायचे असते आणि बहुतेक उमेदवार ते विचारत नाहीत.

या विषयाला सध्या पैसा का आहे, तेही थोडक्यात पाहू. पामतेल, सोयाबीन, कोको, कॉफी, रबर, लाकूड आणि गोवंश या सात गोष्टी जंगल तोडलेल्या जमिनीवरच्या असतील तर त्या युरोपच्या बाजारात येऊ द्यायच्या नाहीत, असा कायदा युरोपीय संघाने 2023 मध्ये केला. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तुटले असेल तर तो माल बाद. चार हेक्टरांहून मोठ्या शेताची हद्द नकाशावर आखून द्यायची, लहान शेताचा निदान एक बिंदू द्यायचा. अंमलबजावणीची तारीख दोनदा पुढे गेली आणि आता मोठ्या कंपन्यांसाठी ती 30 डिसेंबर 2026 आहे. पण तयारीसाठी कंपन्यांना, सरकारांना आणि विद्यापीठांना माणसे हवीच आहेत. त्याआधीपासूनची कामे आहेतच: ब्राझीलमधला 2006 चा सोयाबीनविषयक करार, 2008 पासूनचे पामतेलाचे प्रमाणीकरण, जर्मनीच्या ग्यॉटिंगेन विद्यापीठाने इंडोनेशियातल्या जांबी प्रांतात वर्षानुवर्षे चालवलेला पामतेल आणि रबर लागवडीचा मोठा प्रकल्प. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, पण या साखळीच्या आपल्याकडच्या टोकावर अभ्यास करणारे थोडे. कापूस आणि साखर त्या युरोपीय कायद्यात नाहीत; तरी कपड्यांचे आणि शीतपेयांचे ब्रँड त्यांच्या साखळीकडे आता घाबरूनच पाहतात. विदर्भातली खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावातूनच केलेली कापूस खरेदी, किंवा बीडमधल्या ऊसतोड कामगारांची आगाऊ उचल समजलेला विद्यार्थी त्यांच्या दृष्टीने दुर्मीळ असतो. अर्ज लिहिताना हे भांडवल लाजत वापरू नये.

अर्जाचा खर्च

इथे सगळ्यांत जास्त पैसे अमेरिका खाते. विद्यापीठामागे अर्ज शुल्क साधारण 75 ते 125 डॉलर. पाच ठिकाणी अर्ज केले तर 40-45 हजार रुपये उडाले. जीआरई मागितली तर आणखी बावीस-तेवीस हजार. ती बऱ्याच विभागांनी ऐच्छिक केली आहे किंवा काढून टाकली आहे, म्हणून क्लास लावण्याआधी विभागाचे पान नीट वाचावे. इंग्रजीच्या परीक्षेला, आयईएलटीएस असो की टोफेल, सतरा-अठरा हजार. यातून थोडी सुटका आहे. अर्ज शुल्क माफ करा, अशी विनंती विभागाच्या समन्वयकाला साध्या ईमेलने करता येते आणि अनेकदा ती मान्य होते. आधी प्राध्यापकाशी पत्रव्यवहार करून त्याच्याकडे या वर्षी पैसे आहेत का, हे विचारले तर पाचांतले तीन अर्ज करण्याची गरजच उरत नाही. प्राध्यापकाने ‘माझ्याकडे या वर्षी जागा नाही’ असे दोन ओळींत कळवले तर ते शंभर डॉलर वाचवणारे उत्तर समजावे.

युरोपात पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते. अर्ज शुल्क शून्य. डच जागांसाठी अकॅडेमिक ट्रान्सफर आणि सगळ्या युरोपासाठी युराक्सेस ही दोन संकेतस्थळे फुकट आहेत. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे विद्यापीठाचे पत्र पुष्कळ ठिकाणी इंग्रजीच्या परीक्षेऐवजी चालते. जाहिरातीखाली ज्याचे नाव असते त्याला विचारावे, मगच परीक्षेचे पैसे भरावे. मारी क्यूरी योजनेतल्या जागांना एक अट विसरू नये: गेल्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून अधिक राहिलेला उमेदवार अपात्र ठरतो. जर्मनीत एमएस्सी करून तिथेच ही जागा मिळवायला निघालेले यात अडकतात.

कागदपत्रांत फार पैसे जात नाहीत, पण दलाल इथेच गाठतो. साधा पासपोर्ट 1,500 रुपयांत होतो, तत्काळला त्यावर 2,000. परराष्ट्र मंत्रालयाच्या अपॉस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे 50 रुपये आहे. एजंट त्याच कामाचे काही हजार सांगतो. राज्य पातळीवरचे साक्षांकन आणि टपाल धरूनही एवढे होत नाही. नेदरलँड्सला जाणाऱ्याने जन्मदाखला आधीच नीट करून घ्यावा, कारण तिथली नगरपालिका नोंदणीच्या वेळी तो मागते आणि नोंदणी झाल्याशिवाय पुढची गाडी अडते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्राचे 18,000 रुपये वेगळे ठेवावेत. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढताना एकदाच चार-पाच प्रती काढाव्या; दुसऱ्यांदा जाण्याचा बसभाडे-लॉजचा खर्च शुल्कापेक्षा जास्त होतो.

देशोदेशीचा हिशोब

नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा विद्यापीठाचा कर्मचारी असतो. करार मिळून चार वर्षांचे, पगार सगळ्या विद्यापीठांच्या सामायिक वेतन करारानुसार: पहिल्या वर्षी महिना साधारण 3,000 युरो, चौथ्या वर्षी 3,800 च्या घरात, करापूर्वीचे. वर 8 टक्के सुट्टी भत्ता आणि 8.3 टक्के वर्षअखेरीचा बोनस. फी नाही. सुरुवातीला हातात महिना अडीच हजार युरोंच्या आसपास पडतात. शेती आणि अन्नाच्या विषयात वाखेनिंगेनचे नाव मोठे आहे. गाव लहान, त्यामुळे खोली मिळणे हीच खरी परीक्षा. 500 ते 700 युरो भाडे, तेवढीच किंवा दुप्पट अनामत, दीडशे-एकशेसाठ युरो आरोग्य विमा, आणि जुनी सायकल घ्यावीच लागते. पगार महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येतो, म्हणजे पहिले तीन-साडेतीन आठवडे खिशातून. विमान 45-55 हजार, पहिला महिना अनामतीसह एक लाख ऐंशी हजार ते दोन लाख. व्हिसाचे काम बहुतेक वेळा विद्यापीठच करते. त्याचे शुल्कही तेच भरणार का, हे पत्रात लिहून घ्यावे. बाहेरून आलेल्या संशोधकांना प्राप्तिकरात एक सवलत मिळू शकते, तिचा अर्ज रुजू झाल्यावर चार महिन्यांच्या आत टाकलेला बरा. आधी ऐकलेच नव्हते म्हणून ती सोडून देणारे भारतीय दरवर्षी असतात.

वाखेनिंगेनचा ‘सँडविच’ प्रकार वेगळा. सुरुवात आणि शेवट तिथे, मधला मोठा काळ आपल्या देशात क्षेत्रकाम. तो पगार नसून फेलोशिप असते आणि मायदेशात असतानाचे पैसे इथल्या खर्चाच्या मानाने येतात. परभणी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठात नोकरी असलेल्यांना हा मार्ग सोयीचा आहे. रजा पगारी की बिनपगारी, हे मात्र आधी आपल्या संस्थेकडून लेखी घ्यावे.

जर्मनीतल्या जागांवर ‘ई-13, 65 टक्के’ असे लिहिलेले असते. पूर्ण पगार करापूर्वी साडेचार हजार युरोंच्या वर असतो, त्याचे 65 टक्के म्हणजे तीन हजारांच्या आसपास आणि हातात दोन हजारांच्या जवळपास. कामाचे तास मात्र 65 टक्के नसतात. फी नाही, सत्राचे काही शे युरो लागतात आणि त्यात बऱ्याच ठिकाणी स्थानिक प्रवासाचा पास असतो. बॉनच्या विकास संशोधन केंद्रात विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी डॉक्टरेटचा नियमित कार्यक्रम आहे. शेती आणि ग्रामीण अर्थकारणाच्या माणसाने तो पाहावाच.

ब्रिटनचा हिशोब मांडला की डोळे पांढरे होतात. सरकारी संशोधन परिषदांची विद्यावृत्ती 2025-26 साठी वर्षाला किमान 20,780 पौंड, करमुक्त. महिन्याला दोन लाख रुपये, ऐकायला छान. पण निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या दराने व्हिसा शुल्क 524 पौंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. चार वर्षांची पीएचडी असेल तर व्हिसा त्याहून काही महिने जास्त मिळतो आणि त्या उरलेल्या महिन्यांचे अर्धे वर्ष धरले जाते. 776 गुणिले चार, अधिक 388, म्हणजे 3,492 पौंड. व्हिसासह 4,016. रुपयांत चार लाख साठ हजार, विमानात बसण्याआधी. त्यावर क्षयरोग चाचणी, तिकीट, घराची अनामत. काही विद्यापीठे ही रक्कम परत देतात, पण मागितल्यावर. प्रस्तावपत्र आले की आनंदाच्या ईमेलातच हा प्रश्न घालावा. दुसरी गोम फीची. परिषदेचा पैसा स्थानिक विद्यार्थ्याच्या फीएवढा असतो. परदेशी विद्यार्थ्याच्या फीतला फरक विद्यापीठ सोसणार की नाही, हे स्पष्ट नसेल तर ती शिष्यवृत्ती पूर्ण नव्हे, अर्धीच समजावी.

अमेरिकेत सहायक म्हणून काम करायचे, त्या बदल्यात फी माफ आणि मानधन. येथे पहिला प्रश्न: मानधन नऊ महिन्यांचे की बारा महिन्यांचे? उन्हाळ्याचे तीन महिने बिनपगारी असतील तर वर्षाचा आकडा कितीही चांगला दिसो, जून ते ऑगस्ट उधारीवर जातात. दुसरा: फी माफ असली तरी विद्यार्थी शुल्क म्हणून दर सत्राला जे काही शे डॉलर घेतात ते कोण भरणार? व्हिसाचे 185 आणि सेव्हिस या विद्यार्थी नोंदणीचे 350 डॉलर मिळून 47 हजार रुपये होतात. तिकीट 60 ते 90 हजार. पहिला महिना अनामतीसह दोन हजार डॉलर, लहान गावात कमी. मानधनावर कर लागतो, पण भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथली प्रमाणित वजावट घेता येते. इतर देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरून देणारेही कधीकधी ती विसरतात. पैशाच्या प्रस्तावावर 15 एप्रिलपूर्वी उत्तर द्यायची सक्ती करू नये, असा तिथल्या बहुसंख्य पदव्युत्तर विद्यालयांचा सामायिक ठराव आहे. मार्चमध्येच ‘दोन दिवसांत कळवा’ म्हणून दबाव आला तर या ठरावाचा नम्रपणे उल्लेख करावा.

अमेरिकेबाबत आणखी एक सावधगिरी. 2025 मध्ये यूएसएड ही संस्था बंद झाली आणि तिच्या पैशावर विद्यापीठांत चालणाऱ्या शेतीविषयक प्रयोगशाळांचे अनुदान मध्येच थांबले. तुमचे मानधन कोणत्या अनुदानातून येणार, ते कधी संपते, आणि संपले तर विभाग अध्यापन सहायकाची जागा देईल का, हे विचारणे उद्धटपणा नाही. चांगला मार्गदर्शक या प्रश्नाने खूश होतो.

कॅनडात प्रबंधासह केलेली एमएस्सीसुद्धा अनेकदा पगारी असते. थेट पीएचडीला न जाता दोन वर्षांत विषय आणि मार्गदर्शक दोन्ही तपासून पाहायचे असतील तर हा मार्ग चांगला. अभ्यास परवान्याचे 150 आणि बायोमेट्रिकचे 85 कॅनेडियन डॉलर लागतात. युरोपात तशी संधी इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांत आहे: महिना 1,400 युरो, फी माफ, कमाल 24 महिने. गेंट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणारा ग्रामीण विकासाचा अभ्यासक्रम आपल्या कृषी पदवीधरांना जवळचा वाटेल.

इथेच करायची तर

नेटचा अर्ज खुल्या गटाला 1,150 रुपये, आर्थिक दुर्बल आणि इतर मागास गटाला 600, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 325. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000, पुढे एसआरएफचे 42,000, आणि वसतिगृह नसेल तर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे आहेत. पुण्या-मुंबईत घरभाडे भत्ता धरून हातात पंचेचाळीस हजारांहून जास्त येतात. वाखेनिंगेनमध्ये खोलीभाडे गेल्यावर जेवढी चैन उरते त्याहून हे फार कमी नाही. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची फेलोशिप मात्र महिना 20,000 आणि आकस्मिक खर्चाला वर्षाला 20,000. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या गटांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे आणि विलंबावरही; पैशासाठी विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावे लागले आहे. दोन फेलोशिप एकाच वेळी घेता येत नाहीत.

उशीर का होतो? संस्थेने दरमहा पोर्टलवर तुमची हजेरी पुष्ट केल्याशिवाय रक्कम सुटत नाही. ती पुष्टी करणारा कारकून रजेवर गेला की सगळा विभाग उसनवारीवर. रुजू होताच या माणसाशी ओळख करून घ्यावी. दुसरी तोंडमिळवणी शेवटच्या वर्षाची: जेआरएफ आणि एसआरएफ मिळून पाच वर्षे, पीएचडीला नियमाने सहा वर्षांपर्यंत मुदत. सहावे वर्ष लागलेच तर ते बिनपगारी.

पुण्यातली गोखले संस्था, मुंबईत आयआयटीचे ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र, आणंदची इर्मा, शिवाय आपली चार कृषी विद्यापीठे या विषयाला जवळची आहेत. आयआयटीत नेटवाचूनही अध्यापन सहायकाच्या जागेवर तेवढेच मानधन मिळते. वाचनाचा खर्च मात्र आता खरोखर कमी झाला. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिके खुली झाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती उघडत नसतील तर चूक नोंदणीची असते. मागे लागून करून घ्यावी.

आणि ‘पेपर छापून देतो’ म्हणणाऱ्यांना एक पैसा देऊ नये. पीएचडीसाठी प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांत काढून टाकली. आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली. तुमचे विद्यापीठ अजून छापील लेख मागत असेल तर तो त्याचा स्वतःचा नियम, लेखी मागावा.

फिरण्याचे पैसे

आता मुख्य खर्च. समजा यवतमाळ जिल्ह्यातल्या तीनशे कापूस उत्पादकांची मुलाखत घ्यायची आहे: प्रमाणित कापूस पिकवणारा आणि न पिकवणारा यांत पाणी, फवारणी आणि भाव यांचा काय फरक पडतो. एक मुलाखत दीड तासाची. चार सर्वेक्षक, प्रत्येकी दिवसाला चार मुलाखती, म्हणजे एकोणीस दिवस. प्रशिक्षण, चाचणी आणि अडीअडचण धरून चोवीस. रोजचे 1,200 रुपये धरले तर सर्वेक्षकांचेच 1,15,200. जीप रोज 3,000 प्रमाणे एकवीस दिवस, 63,000. सर्वेक्षक स्थानिक घेतले तर राहण्याचा खर्च फक्त तुमचा. त्यांच्या जेवणासह चाळीस हजारांच्या आत बसतो. छपाई, मोबाइल डेटा, किरकोळ दहा हजार. इथवर सव्वादोन लाख.

पण साखळी शेतात संपत नाही. खेडा खरेदी करणारा व्यापारी एकाच गाडीत पाच शेतांचा कापूस भरतो. बेटर कॉटन या कापूस प्रमाणीकरणाच्या पद्धतीत बरीच वर्षे जिनिंगपर्यंत माल वेगळा ठेवायचा आणि पुढे फक्त वजनाचे श्रेय सरकवायचे अशी रीत होती. 2023 अखेरीस प्रत्यक्ष माग काढायची सोय सुरू झाली. गाडीतला कापूस जिनिंगच्या गेटवर खरोखर वेगळा राहतो का, हे पाहायला जिनिंगच्या आवारात उभे राहावे लागते, 170 किलोच्या गाठीवरचा क्रमांक टिपावा लागतो आणि सूतगिरणीपर्यंत जावे लागते. व्यापारी, जिनर, दलाल, निर्यातदार अशा चाळीस लांब मुलाखती आणि त्यांचा प्रवास तीस हजार. ध्वनिमुद्रण ऐकून लिहून घेण्याचे तासाला आठशे धरले तर आणखी बत्तीस हजार. एकूण दोन लाख नव्वद हजारांच्या घरात. माझे हे दर अंदाजी आहेत, जिल्ह्यानुसार बदलतील. पण रक्कम लाखांतच राहते.

आता जेआरएफसोबतचा आकस्मिक निधी पाहा. सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे 10,000, पुढे 20,500. पाच वर्षांचे मिळून 81,500, आणि त्यातूनच पुस्तके, प्रबंधाची छपाई, परिषदांचा प्रवास. विज्ञान शाखेला थोडे जास्त, तरी फरक मोठा नाही. दोन लाखांची फट मानधनातून भरायची तर वर्षाच्या पगारातले पाच महिने गेले. म्हणून भारतात हा विषय घेणाऱ्याने तीनशेचा नमुना दीडशेवर आणावा, मार्गदर्शकाच्या एखाद्या चालू प्रकल्पाला जोडून घ्यावे, किंवा आधी झालेल्या सर्वेक्षणाचा कच्चा डेटा मिळवावा. यात कमीपणा नाही. तीनशे घाईच्या मुलाखतींपेक्षा सव्वाशे नीट घेतलेल्या बऱ्या, हे परीक्षकांनाही कळते.

उसाच्या साखळीत खर्चाचे रूप वेगळे होते. तोडणी कामगार पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला. त्यांच्याशी बोलायचे ते कोपीवर, दिवे लागल्यावर. दिवसाला चार नव्हे, दोन मुलाखती झाल्या तरी खूप. एक कोयता म्हणजे नवरा-बायको अशी जोडी, पण बोलतो नवरा. बायकांशी बोलायला बाई सर्वेक्षकच लागते, आणि तिला रात्री परत सोडायला गाडी लागते. मुकादमाला विश्वासात न घेता गेलात तर टोळी बोलत नाही. मुकादमाला बरोबर घेऊन गेलात तर उचलीबद्दल कोणी खरे बोलत नाही. यावर पैशाने उपाय होत नाही, फक्त दिवस लागतात, आणि प्रत्येक दिवसाला गाडीभाडे लागते. ज्यांची रोजी बुडते त्यांना मुलाखतीचा मोबदला द्यायचा का, हेही आधी ठरवून अंदाजपत्रकात घालावे. परदेशी विद्यापीठाची नीतिसमिती हे विचारतेच आणि तिच्या मंजुरीला महिना-दोन महिने सहज जातात.

विषय इंडोनेशिया किंवा ब्राझीलचा असेल तर संशोधन परवाना, स्थानिक भागीदार संस्था आणि दुभाष्या यांचा खर्च वाढतो. युरोपातले प्रकल्प तो सहसा उचलतात. इंडोनेशियात परवान्याशिवाय पर्यटक व्हिसावर मुलाखती घेत फिरणे हा गुन्हा समजला जातो. स्वस्तात उरकण्याचा हा मार्ग नाही.

फुकट मिळणारे आणि न मिळणारे

डेटासाठी पदरमोड करण्याआधी फुकटचे संपवावे. पामतेल, सोया, कोको वगैरेंचा माल कोणत्या जिल्ह्यातून कोणत्या कंपनीमार्फत कोणत्या देशात गेला, याची आकडेवारी ‘ट्रेस’ नावाचा प्रकल्प 2016 पासून खुली करतो. जंगलतोडीसाठी ग्लोबल फॉरेस्ट वॉच, ब्राझीलसाठी मॅपबायोमास. सेंटिनेल-2 उपग्रहाची दहा मीटर तपशिलाची चित्रे फुकट आहेत. दोडामार्गातली रबराची लागवड कुठल्या वर्षी कुठवर पोचली, हे पुण्यात बसून पाहता येते. नकाशांना क्यूजीआयएस, आकडेमोडीला आर, मोबाइलवर प्रश्नावली भरायला कोबो. बाजार समित्यांचे भाव ॲगमार्कनेटवर. कंपनीची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीमागे 100 रुपयांत दिसतात. साखर कारखाने, जिनिंग कंपन्या आणि तेल आयातदार यांच्या मालकीचे धागे उलगडायला याहून स्वस्त काही नाही. सहकारी कारखाने या पोर्टलवर सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी वार्षिक अहवाल आणि साखर आयुक्तालय.

फुकट मिळत नाही ती बंदरावरची जहाजनिहाय आयात-निर्यात. ती विकणाऱ्या खासगी कंपन्यांचे वार्षिक दर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असतात. परदेशी विद्यापीठांकडे कधीकधी तिचे सदस्यत्व असते. जागा स्वीकारण्यापूर्वी ग्रंथपालाला ईमेल करून विचारता येते. एका साखळीचे, एका वर्षाचे, निवडक रकाने मागितले तर हे विक्रेते भाव बराच खाली आणतात. संपूर्ण पॅकेज घेऊ नये.

एखादी कंपनी स्वतःच संशोधनाला पैसे देत असेल तर रक्कम बघण्याआधी कराराचे प्रकाशनाविषयीचे कलम वाचावे. ‘मसुदा तीस दिवस आधी दाखवावा’ इथपर्यंत ठीक. ‘संमतीशिवाय प्रसिद्ध करू नये’ असे असेल तर चार वर्षांनंतर प्रबंध कपाटात राहू शकतो, मग मानधन कितीही असो.

स्वीकारण्यापूर्वी मार्गदर्शकाला पाठवायच्या ईमेलात एवढे यावे: मानधन किती महिन्यांचे, अनुदान कोणत्या तारखेला संपते, क्षेत्रकामाची रक्कम किती आणि ती आगाऊ मिळते की बिले दिल्यावर, व्हिसा आणि विम्याचे पैसे कोण देतो, आणि याआधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली. ‘बिले दिल्यावर’ असे उत्तर आले तर क्षेत्रकामाच्या काळात लाख-दीड लाख फिरते भांडवल हाताशी हवे, आणि जीपवाल्याकडून, सर्वेक्षकांकडून सहीच्या पावत्या त्याच दिवशी घ्यायच्या. परतल्यावर त्या मिळत नाहीत. आधीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी दहा मिनिटे फोनवर बोलणे सगळ्यांत उत्तम. मार्गदर्शकाने त्याचा पत्ता द्यायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच.

रुजू होण्याची तारीखसुद्धा पैशाशी बांधलेली आहे. कापसाची वेचणी आणि जिनिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, उसाचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. युरोपातला करार फेब्रुवारीत सुरू झाला तर अभ्यासक्रम आणि नीतिसमिती उरकून त्याच वर्षीच्या हंगामात उतरता येते. सप्टेंबरमध्ये सुरू झाला तर पहिला हंगाम हुकतो आणि चार वर्षांच्या करारात तीनच उरतात. नेदरलँड्समध्ये पहिला करार बहुधा वर्ष-दीड वर्षाचाच असतो. प्रगती पाहून पुढची वर्षे दिली जातात. तो आढावा होईपर्यंत परतीच्या तिकिटाचे पैसे मोडू नयेत, आणि घराचा करारही त्याच मुदतीचा करावा.